दोन उरल्या

"याही वेळी एकही नाही?" पाटणकर सरांनी परत विचारलं.

"एकही नाही, सर."

पाटीतली शेवटची रोहू मी उलटीपालटी करून पाहिली. डावा पर अखंड. माझे हात कोपरापर्यंत खवल्यांनी माखले होते, कंबर मोडायला आली होती, आणि मला या माणसाचा आणि त्याच्या मासोळ्यांचा मनस्वी वैताग आला होता. सर मात्र पाण्याकडे बघत उभे होते. पाण्यात सावरीची वाळकी झाडं उभी होती, बांध घातला तेव्हा बुडालेली. भर दुपार होती आणि एक पाखरू ओरडत नव्हतं.

"जातात कुठे मग?" सर स्वतःशीच म्हणाले.

काठावर सदाराम वलथरे जाळं झटकत होता. टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, ढिवर मासेमारांचा तो म्होरक्या. त्याने वर पाहिलं नाही, पण जाळं झटकणारा त्याचा हात मधेच थांबला. ते मी पाहिलं आणि विसरूनही गेले.

ही गोष्ट गोंदियाकडची, माझ्या पंचविशीतली. मी सुलभा वैरागडे, नागपूरची, नुकतीच अर्थशास्त्राची मोठी परीक्षा पास होऊन सरांच्या हाताखाली लागलेली. सर पुण्याचे. शुद्ध बोलणारे, उकळलेलं पाणी पिणारे, आणि खोटं बोलायची वेळ आली तर ठसका लागणारे. आम्ही आलो होतो सावरटोल्यात, सावरबांध नावाच्या तलावाची किंमत काढायला. हसू नका. खरंच त्यासाठीच आलो होतो.

झालं होतं असं की एका वीजप्रकल्पाला राख टाकायला जागा हवी होती. एक जागा म्हणजे लांबचा खडकाळ माळ, खर्चाचा. दुसरी म्हणजे सावरबांध, जवळचा आणि फुकटचा. फुकटचा का, तर कागदावर त्याची किंमत कोणी लिहिलीच नव्हती. सुनावणीच्या साहेबांनी सरांना सांगितलं, हा तलाव वर्षाला सगळं मिळून काय देतो ते एका आकड्यात सांगा. आकडा मोठा निघाला तर राख माळावर जाईल. लहान निघाला तर तलावात पडेल आणि टोला उठेल. टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

एका आकड्यात! धानाला जाणारं पाणी, शिंगाडे, कमळाचे कांदे, गुरांचं गवत, मासोळी. सरांच्या मानेवर एकच भूत बसलेलं असायचं, की एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल. शिंगाड्याच्या वेलाखाली पिल्लं वाढतात, मग वेल मोजला की अर्धी मासोळी त्यातच आली ना? मी म्हणायची, "सर, तुम्ही वरण वेगळं आणि वरणातलं मीठ वेगळं ताटात वाढायला सांगताय." सर हसायचे नाहीत. म्हणायचे, "वैरागडे, बेरीज करणं सोपं असतं. कशाची करतोय ते कळणं अवघड."

बाकीचं कसंबसं जमलं. अडलं ते मासोळीपाशी. पाण्याच्या पोटात किती मासे आहेत हे कसं सांगणार? त्याची एक रीत आहे. डब्यात वाटाणे किती हे सगळे न मोजता सांगायचं असेल, तर त्यातल्या मूठभर वाटाण्यांना काजळ फासायचं, परत डब्यात टाकून डबा हलवायचा, आणि एक वाटी भरून काढायची. वाटीत काळे किती आले त्यावरून डब्याचा अंदाज. आम्ही काजळाऐवजी कात्री घेतली. पहिल्या आठवड्यात एक अख्खा दिवस ढिवरांनी पकडलेल्या जिवंत मासोळ्या एकेक हातात घेऊन मी डाव्या पराचं टोक कापायची आणि पाण्यात सोडायची. सर मोठ्याने आकडा म्हणायचे. काठावर अख्खा टोला बसून पाहत होता. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं. मला वाटलं, यांना गंमत वाटतेय. सूर्य बुडाला तशी आम्ही आवरलं. तोवर दीडशेला थोड्या कमी झाल्या होत्या.

आणि आता वाटीमागून वाटी काढत होतो, आणि काळा वाटाणा एकही नाही.

"एकही सापडत नाही याचा अर्थ काय सर?"

"अर्थ असा, की डबा इतका मोठा आहे की आपले वाटाणे त्यात हरवले." सरांनी चष्मा काढून पुसला. "गणित म्हणतं, या तलावात मासोळीला अंत नाही."

"मग चांगलंच आहे की! राख गेली माळावर."

"तलाव या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येईल एवढा आहे, वैरागडे. अंत नाही कसा?"

टोल्यात मात्र काहीतरी बिनसलं होतं. आधी मी गेले की पोरं मागे लागायची, "बाई, पेन द्या ना." आता पोरं दिसली की त्यांच्या आया त्यांना आत ओढायच्या. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका एकदम गप्प व्हायच्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या डाव्या दंडाला काळा दोरा बांधलेला आहे. लेकरांच्या, म्हाताऱ्यांच्या, सदारामच्यासुद्धा. मी कात्री चालवली त्याच्या आधी तो नव्हता. मी पैजेवर सांगते, नव्हता.

आम्ही जेवायला सदारामच्या घरी असायचो. त्याची बायको पार्बताबाई, चाळिशीची, काटक, बोलायला लागली की थांबायची नाही अशी. ती आता ताट पुढे सरकवायची आणि भिंतीला टेकून आमच्याकडे बघत बसायची. एक दिवस सर हात धुवायला गेले तशी ती हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू काय? राग नका येऊ देऊ."

"विचारा ना."

"त्या तुमी कोनाच्या नावानं सोडल्या?"

"कशा?"

"मासोळ्या. पर कापून."

"कोणाच्याच नाही, पार्बताबाई. नुसत्या मोजायला."

तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. "कोनाच्याच नाई," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, काहीतरी सोवळंओवळं असेल. कर्म माझं! मला तेव्हाच विचारायला हवं होतं ना? पण सरांनी हाक मारली आणि मी भात गिळून धावले.

सुनावणी तोंडावर आली तेव्हा मी हट्टाने सदारामच्या डोंग्यात बसले. म्हटलं, जाळं ओढताना मी पाहणार. तो नको नको म्हणत होता. लाकूड कोरून केलेला तो निमुळता डोंगा, जरा हललं की पाणी आत. तलावाच्या मध्यावर सावरीच्या वाळक्या खोडांमध्ये त्याने जाळं ओढायला घेतलं. जाळं पाण्याच्या वर यायच्या आधीच त्याचा एक हात आत गेला. काहीतरी चाचपलं, सोडवलं. ओठ हलले. परत हात आत. परत ओठ हलले.

मी वाकून पाहिलं. पाण्याखाली त्याच्या तळहातात एक रोहू होती, डावा पर तुटका. त्याने तिला हलकेच पुढे लोटलं. "जा, लेका," तो म्हणाला, आणि ती गेली.

"सदाराम!" मी एवढ्याने ओरडले की डोंगा हेलकावला. "तुम्ही आमच्या सोडून देताय? रोज?"

"तुमच्या नाई त्या, बाई."

"मग कोणाच्या?"

त्याने जाळं गुडघ्यावर टेकवलं. उजव्या हाताने एका खोडाकडे बोट केलं. "तिथं माहा गुलाब गेला. सात वर्षांचा होता. सापडला नाई. पान्यानं नेला, परत देला नाई, त आमी काय करतो, एक जिती मासोळी घेतो, तिचा उजवा पर कापतो, अन् त्याचं नाव घेऊन सोडतो. मंग तो एकटा नाई रायत पान्यात. तशी मासोळी जाळ्यात आली त कोनी घरी नाई नेत. म्हनते, जा लेका, जा माय, अन् सोडते. बापजाद्यापासून हे असंच हाये."

"पण आम्ही तर डावा कापला."

"तेच त." तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "उजवा गेलेल्यायचा. मंग डावा कोनाचा? जे गेले नाई त्यायचा. सर मोठ्यानं मोजत होते. आमी काठावर बसून लावत गेलो. पयली पार्बताची, दुसरी माही, मंग शेजारचे मारबते. घरामागून घर. तान्ही लेकरंबी. अख्खा टोला तुमी पान्यात सोडला, बाई. पान्यात आता आमची जागा झाली."

डोंगा काठाला लागेपर्यंत मी माझ्या कात्री धरायच्या हाताकडेच बघत होते.

सरांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून वहीतले आकडे एकेक खोडत गेले. मग म्हणाले, "म्हणजे आपली प्रत्येक वाटी फुकट गेली. काळे वाटाणे वाटीत येण्याआधीच निवडून काढलेले. अंत नाही, तो आपल्या अज्ञानाला नाही." मग उठले. "आपण दोघं जाळं टाकू. सुनावणीला एकच दिवस उरलाय."

सदारामने डोंगा दिला, स्वतः आला नाही. आम्ही दोघं नवशिके, एकमेकांवर खेकसत, भर उन्हात मध्यावर गेलो. कसंतरी जाळं टाकलं. वारा नव्हता. सावरीची खोडं पाण्यात सरळ उभी होती आणि त्यांच्या सावल्याही. काठावर टोला येऊन उभा राहिला होता, सगळाच्या सगळा.

जाळं जड लागलं. आम्ही ओढलं, आणि डोंग्याच्या तळाशी मासोळ्यांचा ढीग तडफडायला लागला. मी पहिली उचलली. डावा पर तुटका. दुसरी, डावा. तिसरीचा उजवा, जुना, कडेने भरून आलेला. चौथी, डावा. सरांनी स्वतः उचलून पाहिल्या. एकसुद्धा अखंड नव्हती. एकसुद्धा! आमच्या, आणि त्यांच्या मेलेल्यांच्या. दुसरी कोणतीच नव्हती.

"याचं कारण आहे," सर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "महिनाभर ढिवर अखंड मासे काढून नेतायत आणि तुटक्या पराचे इथेच सोडतायत. या जागी तेच उरणार. साधं आहे."

"हो सर. साधं आहे," मी म्हटलं.

आमच्यापैकी कोणीच एकमेकांकडे बघत नव्हतं. सरांच्या हातातली मोठी रोहू तडफडायची थांबली होती आणि नुसती तोंड उघडून मिटत होती.

"गणित आता काय म्हणतं, सर?"

"म्हणतं, या तलावात खुणेच्या मासोळ्यांखेरीज काहीही नाही. सगळं मिळून एवढंच." त्यांनी रोहू पाण्यात धरली. "एक वाटी म्हणते अंत नाही, दुसरी म्हणते तळ दिसतोय. दोन्ही खोटं आणि दोन्ही आपल्याच हातची." मग पुण्याचा तो उकळलेलं पाणी पिणारा माणूस वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "जा बाळा." आम्ही सगळ्या सोडल्या.

सुनावणी टोल्याच्या शाळेत झाली. साहेब टेबलामागे, शेजारी टंकलेखक, समोर प्रकल्पाचा एक गोरागोमटा माणूस आणि मागे जमिनीवर सगळा टोला. सरांनी पाण्याचं वाचलं, शिंगाड्याचं वाचलं, गवताचं वाचलं. बेरीज माळाच्या खर्चाच्या बरीच खाली राहत होती. सगळी मदार मासोळीवर.

"मासे?" साहेबांनी विचारलं.

सर उभे होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा ना, अंत नाही म्हणून सांगा! पहिल्या वाट्या आपल्याकडे आहेत, कोण तपासायला येतंय? सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मासोळीचा आकडा मी देऊ शकत नाही. जो निघतो तो बेरजेत धरण्याजोगा नाही."

"रकाना कोरा ठेवू?"

"ठेवा."

"कोरा म्हणजे शून्य, प्रोफेसरसाहेब," प्रकल्पाचा माणूस गोड आवाजात म्हणाला. साहेबांनी मान डोलावली आणि पेन उचललं. संपलं, मी म्हटलं. टोला गेला, आणि आपण घालवला.

"शून्य कायले लिवता?" मागून आवाज आला. पार्बताबाई उभी राहिली होती. "त्यात आमी हावोत."

"कशात, बाई?"

"पान्यात. या बाईनं सोडलं आमाले, सगळ्यायच्या समोर. आता राख टाकाल त आमच्यावर पडन. लिवा. पार्बता सदाराम वलथरे."

टंकलेखकाने साहेबांकडे पाहिलं. साहेब वैतागून म्हणाले, "हरकत आहे ना? घ्या लिहून." यंत्र खडखडलं.

तिच्या शेजारी सदाराम उठला. "सदाराम झिंगर वलथरे." मग शेजारचा मारबते. त्याची बायको. त्याची आंधळी आई, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. कोणी ओरडत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. ज्या क्रमाने काठावर नावं लागली होती, त्याच क्रमाने घरामागून घर उठत होतं. आया तान्ह्यांचा डावा दंड धरून वर करायच्या, काळ्या दोऱ्यासकट, आणि नाव सांगायच्या. एका लेकराचं बारसं झालं नव्हतं, तिथल्या तिथे आजीने नाव ठेवलं. बाहेर ऊन होतं, आणि त्या शाळेत मला चक्क थंडी वाजत होती. प्रकल्पाचा माणूस आधी हसत होता, मग घड्याळ बघायला लागला, मग दाराकडे.

शेवटचं घर संपलं. यंत्र थांबलं.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"नाई," सदाराम म्हणाला. "टोला संपला, पन मासोळ्या संपल्या नाई. दोन उरल्या."

सगळा टोला मान वळवून आमच्याकडे बघत होता. रागाने नाही हो. घरातल्या माणसाने ताटावर बसायला उशीर केला की बघतात ना, तसं. मला त्या सोडल्या तो दिवस आठवला. आम्ही का थांबलो होतो? सूर्य बुडाला म्हणून. आणखी एखादी करू का, असं मीच विचारलं होतं, आणि सर म्हणाले होते, पुरे.

सर उभे राहिले. सदरा नीट केला. "विनायक त्र्यंबक पाटणकर," ते म्हणाले. स्पष्ट, शुद्ध, एकदाही न ठसकता.

उरले मी. मी शिकलेली बाई, बाप्पा! मासोळीच्या पराचा आणि माझ्या जिवाचा संबंध काय? नुसतं नाव तर सांगायचं होतं. पण पाय उचलेना. मला खरंच वाटत होतं की मी नाव घेतलं की त्या सावरीच्या खोडांमध्ये, गढूळ थंड पाण्यात, काहीतरी वळून माझ्याकडे बघेल. मी भ्यायले होते. आयुष्यात तशी परत कधी भ्यायले नाही. पार्बताबाईने हात पुढे केला आणि मी तिचा हात धरून उठले.

"सुलभा केशवराव वैरागडे."

यंत्र खडखडलं. पार्बताबाईने पदराच्या गाठीतून दोन काळे दोरे काढले. एक सरांच्या दंडाला बांधला आणि एक माझ्या.

राख माळावर गेली. कशी गेली म्हणाल, तर सरळ हिशेब आहे. नोंदलेलं प्रत्येक नाव म्हणजे वेगळी हरकत, आणि प्रत्येक हरकतीची वेगळी सुनावणी. तान्ह्यांचीसुद्धा. प्रकल्पाला तेवढा धीर नव्हता. टोला अजून तिथेच आहे. तलावाचा मासोळीचा रकाना अजून कोरा आहे, आणि कोणाची तो भरायची छाती होत नाही.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. मधल्या काळात सर निवृत्त झाले, मीही झाले. रोहू एवढी वर्षं जगत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मागच्या पौषात सकाळी सकाळी पार्बताबाईचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता.

"बाई, सरायची गेली. पहाटे वर आली होती, पोट वर करून. डावा पर पाह्यला मी."

सर पुण्यात ठणठणीत होते. परवाच माझ्याशी शिंगाड्याच्या दरावरून भांडले होते. मी लगेच फोन लावला, कोणी उचलला नाही. दुपारी त्यांच्या मुलीचाच आला. झोपेतच गेले, म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मी तशीच बसून होते. मग पार्बताबाईला उलट फोन केला. सरांचं सांगितलं. ती रडली, मीही रडले. आणि शेवटी, लाज वाटत होती तरी, विचारलंच.

"अन् माझी, पार्बताबाई?"

"हाये ना, माय. मंगळवारीच आली होती जाळ्यात. म्हटलं जा, अन् सोडून देली." मागे पाण्याचा आवाज येत होता. "खोल नाई जात ते. काठाकाठानंच फिरते तुमची."